पडव्या काढलेलं चर्च

इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या टेकड्यांत व्हॅरम पर्सी नावाचं गाव होतं. आज तिथे गवताखाली घरांच्या जोत्यांचे उंचवटे दिसतात आणि सेंट मार्टिनचं बिनछपराचं चर्च उभं आहे. त्याच्या भिंती निरखून पाहिल्या की दगडांनी बुजवलेल्या कमानी लक्षात येतात. गावाची खानेसुमारी हवी असेल, तर ती तिथे वाचावी.

पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट आणि इतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड यांच्या पुढाकाराने १९५० ते १९९० अशी चाळीस वर्षं, उन्हाळ्यागणिक इथे उत्खनन झालं. सुरुवातीला होतं छोटंसं लाकडी चर्च, दहाव्या शतकातलं. मग दगडी आलं. बाराव्या-तेराव्या शतकात माणसं वाढली, तशा दोन्ही अंगांना पडव्या निघाल्या. आत जाण्यासाठी भिंतींत कमानी पाडल्या. पुढे गाव ओसरलं, पडव्या उतरवल्या आणि कमानी चिणल्या. घरात माणसं वाढली की आपणही पडवी काढतो, पण ती मोडायची वेळ क्वचितच येते.

त्या पडव्यांत उभी राहणारी माणसं आवारातच पुरलेली होती. ६८७ सांगाडे सापडले. खडूच्या दगडातली माती आम्लधर्मी नसल्याने हाडं टिकली. चौदा वर्षांच्या मुलांची उंची आजच्या दहा वर्षांच्या मुलांएवढी भरली. तान्ह्या बाळांच्या हाडांनी तर आयांची रीतच सांगितली. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या हाडांत नायट्रोजन-१५ या जड समस्थानिकाचं प्रमाण आईपेक्षा जास्त असतं आणि दूध तुटलं की उतरतं. इथे ते साधारण दीड वर्षाच्या सुमारास उतरलेलं दिसतं. कष्टाच्या, अर्धपोटी गावात हे दूधच बाळांचं मोठं संरक्षण असणार.

गाव प्लेगने संपलं, असा सर्वसाधारण समज. १३४९च्या साथीने माणसं घटली खरी, पण गाव त्यानंतरही दीडशे वर्षं नांदलं. त्याला खरं उठवलं मेंढ्यांनी. लोकरीला भाव होता, शिवाय कळपाला नांगरापेक्षा कमी हात लागत. १५००च्या आसपास जमीनदाराने उरलीसुरली कुटुंबंही हुसकावली.

चर्च मात्र चालूच राहिलं, कारण थिक्सेनडेलसारख्या शेजारच्या वस्तीचं तेच चर्च होतं. तिथली माणसं टेकड्या ओलांडून, मोडक्या गावातून चालत प्रार्थनेला येत. १८७०मध्ये थिक्सेनडेलला स्वतःचं चर्च मिळालं आणि ही पायपीट सरली. १९५९मध्ये, उत्खननाच्या त्या वर्षांतच, चर्चच्या मनोऱ्याचा एक भाग ढासळला.