थेंब गोठवतो तो फ्लॅश, शटर नव्हे

उडता थेंब टिपायचा तर १/८००० सेकंदच शटर (उजेड आत सोडणारा पडदा) उघडणारा महागडा कॅमेराच हवा, असं मालवण-रत्नागिरीकडचे हौशी फोटोवाले अजूनही सांगतात. साफ चूक. साधा जुना डीएसएलआर पुरतो.

हातभर उंचीवरून पडलेला थेंब खाली पोचेतो सेकंदाला जवळपास तीन मीटर वेगात असतो. १/२०० सेकंदात तो दीड सेंटीमीटर सरकतो, म्हणजे फोटोत नुसता फराटा. पण खोलीत काळोख केला, की शटर किती वेळ उघडं आहे याला महत्त्व उरत नाही. उजेड पडतो तेवढ्याच क्षणाचं चित्र उमटतं. बाहेरून जोडायचा वेगळा फ्लॅश १/६४ पॉवरवर, म्हणजे पूर्ण ताकदीच्या चौसष्टाव्या हिश्श्यावर, ठेवा. बऱ्याच फ्लॅशचा झोत तेव्हा १/२०००० सेकंदाच्या आसपास असतो, तेवढ्यात थेंब केसभर हलतो. उलट साध्या फ्लॅशबरोबर शटर १/२५० सेकंदापेक्षा फार जलद केलंत, तर फोटोत काळा पट्टा येतो! अमेरिकी अभियंते हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९५७ मध्ये टिपलेला दुधाच्या थेंबाचा लाल-पांढरा मुकुट हीसुद्धा फ्लॅशचीच करामत.

पाण्यापेक्षा नारळाचा दाट रस घ्या, कडा स्पष्ट दिसतात. आगळही (कोकमाचा खारवलेला रस) झकास, फक्त भिंतीला आधी प्लास्टिक लावा. डाग निघता निघत नाही.