उरणचे २४० मेगावॉट: धुरातून काढलेली वीज

रायगड जिल्ह्यात उरण येथे महानिर्मितीचे वायुविद्युत केंद्र आहे. त्याच्या ६७२ मेगावॉट स्थापित क्षमतेत प्रत्येकी १०८ मेगावॉटची चार गॅस टर्बाइन आणि प्रत्येकी १२० मेगावॉटची दोन वाफेची टर्बाइन येतात. वाफेच्या या दोन यंत्रांसाठी वेगळे इंधन जाळावे लागत नाही. गॅस टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या तप्त धुरावरच ती चालतात.

गॅस टर्बाइनमध्ये दाबलेल्या हवेत वायू जाळला जातो आणि त्या झोतावर पाती फिरतात. मात्र पात्यांचे काम संपल्यावरही धुराचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर असते. स्वित्झर्लंडमधील नॉयशातेल येथे १९३९ मध्ये वीजनिर्मितीसाठी बसवलेल्या ४ मेगावॉटच्या गॅस टर्बाइनची कार्यक्षमता जेमतेम १७.४ टक्के होती. उरलेली बहुतेक उष्णता धुराबरोबर हवेत जात असे. आजची यंत्रे कितीतरी सुधारलेली आहेत, तरी एकट्या गॅस टर्बाइनला इंधनातील निम्म्याहून अधिक ऊर्जा सोडून द्यावीच लागते.

ही ऊर्जा पकडण्यासाठी धुराच्या वाटेवर उष्णता-पुनर्प्राप्ती बॉयलर बसवतात. त्यात ज्योत नसते, फक्त पाण्याच्या नळ्यांच्या रांगा असतात. धूर कोळशाच्या भट्टीतल्या ज्वाळेइतका तापलेला नसल्याने पृष्ठभाग वाढवावा लागतो, म्हणून प्रत्येक नळीभोवती पातळ पत्र्याच्या चकत्या दाटीने गुंडाळलेल्या असतात.

खरी अडचण पाण्याच्या स्वभावात आहे. धूर उष्णता देत देत सलग थंड होत जातो. पाणी मात्र उकळू लागले की सगळ्याची वाफ होईपर्यंत एकाच तापमानावर अडून राहते. वातावरणाच्या सुमारे ६० पट दाबाखाली ते तापमान २७५ अंशांच्या आसपास असते. उष्णता नेहमी जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडेच वाहते, त्यामुळे उकळणाऱ्या पाण्याच्या नळ्या ओलांडताना धूर २७५ अंशांच्या खाली उतरूच शकत नाही. त्यापुढे आत येणारे थंड पाणी तापवता येते, पण सगळी उष्णता तेवढ्यात खपत नाही. मग दाबच कमी का ठेवू नये? कारण कमी दाबाची वाफ टर्बाइनमध्ये तितके काम करत नाही. उष्णता भरपूर आणि वाफ दुबळी, असा तो सौदा ठरतो.

यावरचा तोडगा मला या साऱ्या व्यवस्थेतला सर्वांत देखणा भाग वाटतो. एकाच बॉयलरमध्ये दोन किंवा तीन दाबांवर वाफ तयार केली जाते. आधी उच्च दाबाच्या नळ्या, आणि त्या ओलांडून आलेल्या धुरासाठी पुढे पाचपट वातावरणीय दाबाच्या नळ्या, जिथे पाणी १५२ अंशांच्या सुमारास उकळते. अशा रीतीने चिमणीपर्यंत पोहोचणारा धूर साधारण १०० अंशांपर्यंत उतरवता येतो. नैसर्गिक वायूत गंधक अत्यल्प असल्याने इतक्या थंड धुरातही नळ्या आम्लाने खाल्ल्या जाण्याची भीती कमी राहते.

जपानमधील निशी-नागोया केंद्राने २०१८ मध्ये याच मार्गाने ६३ टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता गाठली.

याची किंमतही मोजावी लागते. नळ्यांच्या दाटीतून धूर ढकलताना गॅस टर्बाइनवर उलटा दाब येतो आणि त्याची थोडी वीज घटते. शिवाय गॅस टर्बाइन अर्ध्या तासात पूर्ण भाराला येऊ शकते. बॉयलरच्या जाड भिंतींचे पिंप मात्र हळूहळूच तापवावे लागते, नाहीतर धातूला भेगा पडतात. थंड अवस्थेतून सुरुवात केल्यास वाफेचा भाग पूर्ण क्षमतेला यायला काही तास लागतात.