पिंजऱ्याबाहेरचं दुखणं

पावसाळा सुरू झाला की मुंबईतल्या प्राणी-शेल्टरमध्ये काम करणाऱ्यांच्या हातातून चिमटा सुटत नाही. भटक्या कुत्र्याच्या मानेवर किंवा कानामागे साधं खरचटलेलं असलं, तरी दमट हवेत तिथे माशी बसते आणि जखमेच्या कडेला अंडी घालते. क्रायसोमिया बेझियाना नावाच्या माशीची अंडी दिवसभरात फुटतात आणि तिच्या अळ्या मेलेलं नाही, जिवंत मांस खातात. डोकं आत खुपसून त्या खोल जात राहतात. त्यामुळे सोमवारी नखाएवढी असलेली जखम शनिवारी मूठ जाईल एवढी होते. ‘किडे पडलेत, लवकर या’ असे फोन जून ते सप्टेंबर सतत येत असतात. मग कुणीतरी कुत्र्याचं तोंड बांधून त्याला मांडीशी धरतं, कुणीतरी जखमेत औषध सोडतं आणि एकेक अळी बाहेर काढत बसतं. कधी तासभर, कधी त्याहून जास्त. पुन्हा दुसऱ्या दिवशीही, कारण सगळ्या एकदम निघत नाहीत.

या जखमेबद्दल, औषधाबद्दल, कुत्र्याबद्दल आपण बोलतो. त्याला धरून बसलेल्या माणसाच्या आत काय होतं, याबद्दल फारसं बोललं जात नाही. त्याचंही विज्ञान आहे.

२००४ साली मेंदूशास्त्रज्ञ तानिया सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. मेंदूचं चित्रण करणाऱ्या यंत्रात बायकांना झोपवलं आणि कधी त्यांच्या स्वतःच्या हाताला, तर कधी शेजारी बसलेल्या त्यांच्या जोडीदाराच्या हाताला विजेचा हलका झटका दिला. झटका जोडीदाराला बसला तेव्हाही त्यांच्या मेंदूतले काही भाग उजळले, विशेषतः इन्सुलाचा पुढचा भाग आणि सिंग्युलेट नावाचा पट्टा. ‘हाताला नेमकं कुठे दुखतंय’ हे सांगणारा भाग मात्र शांत होता. म्हणजे दुसऱ्याची वेदना आपल्याकडे येते ती स्पर्श म्हणून नाही, तर त्या वेदनेचा नकोसेपणा म्हणून. हातावर जखम नसते, पण ‘हे थांबायला हवं’ ही तगमग खरी असते. शरीरही तिला खरीच मानतं.

समोर माणूस नसून कुत्रं आहे म्हणून ही तगमग कमी होत नाही. कुत्रं माणसाकडे टक लावून बघतं तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढतं, असं जपानी संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं. हेच संप्रेरक आई आणि बाळाला बांधून ठेवतं. माणसाने वाढवलेल्या लांडग्यांमध्ये हा परिणाम दिसला नाही. हजारो वर्षांच्या सहवासातून कुत्र्याला आपल्या मायेच्या यंत्रणेत थेट जागा मिळाली आहे. ड्रेसिंग चालू असताना ते मान वळवून ज्या नजरेने बघतं, ती नजर टाळणं आपल्या हातात फारसं नसतं.

या कामातल्या थकव्याला लोक सरसकट ‘बर्नआउट’ म्हणतात. ही संकल्पना हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये मांडली. जास्त काम, कमी माणसं, कमी पगार अशा परिस्थितीत माणूस हळूहळू विझत जातो. बँकेत, शाळेत, कुठेही. दुसऱ्याची वेदना रोज जवळून बघून येणारा थकवा वेगळा. १९९२ मध्ये परिचारिकांच्या संदर्भात त्याला ‘कम्पॅशन फटीग’, म्हणजे करुणेचा थकवा, असं नाव मिळालं आणि पुढे चार्ल्स फिगली यांनी त्याचा सविस्तर अभ्यास केला. तो अचानकही येऊ शकतो. झोपेत तीच जखम दिसते, फोन वाजला की छातीत धस्स होतं, रस्त्याने चालताना नजर आपोआप गाड्यांखाली जाते. किंवा याच्या उलट काहीच वाटेनासं होतं. शेल्टरमध्ये हे दोन्ही थकवे बहुधा हातात हात घालूनच येतात, पण त्यांवरचे उपाय एक नाहीत. सुट्टी दिली की पहिला थोडा उतरतो. दुसरा सुट्टीतही सोबत असतो.

या विषयावरचं बरंचसं संशोधन अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातलं आहे आणि त्याच्या केंद्रस्थानी आहे दयामरण. तिथल्या अनेक शेल्टरमध्ये घर न मिळालेल्या धडधाकट प्राण्यांनाही इंजेक्शन देऊन संपवलं जातं. सकाळी ज्याला खाऊ घातलं, त्यालाच संध्याकाळी मारायचं. समाजशास्त्रज्ञ अर्नोल्ड अर्लुक यांनी हा पेच नव्वदच्या दशकात नेमका पकडला. २००५ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात असं आढळलं, की ज्यांना हे काम प्रत्यक्ष करावं लागतं त्यांना कामाचा ताण आणि शारीरिक तक्रारी जास्त, घर आणि काम यांतली ओढाताण जास्त आणि कामातलं समाधान कमी. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात दयामरण देणाऱ्या १४८ जणांची पाहणी झाली. त्यांतल्या ११ टक्के लोकांमध्ये मानसिक आघाताची मध्यम स्वरूपाची लक्षणं दिसली. आपण स्वतः केलेल्या कृतीचा आघात, म्हणून त्याची नोंद वेगळी.

मुंबईतलं दुखणं या चौकटीत पूर्ण बसत नाही, असं मला ठामपणे वाटतं.

या शहराचा इतिहासच निराळा. १८३२ च्या जून महिन्यात पोलिसांनी भटकी कुत्री मारायला सुरुवात केली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि फोर्टमध्ये दंगल झाली. दोनच वर्षांनी पांजरपोळ उभी राहिली. प्राण्यांवरची क्रूरता रोखणारी संस्था १८७४ मध्ये स्थापन झाली आणि तिचं परळचं रुग्णालय आजही चालू आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९८ मध्ये कुत्री मारण्याऐवजी नसबंदीचा मार्ग दाखवला. पुढे २००१ मध्ये देशभरासाठी नियम आले आणि २०२३ मध्ये ते नव्याने लिहिले गेले. नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची, ओळख म्हणून कानाला खाच पाडायची आणि जिथून उचललं तिथेच परत सोडायचं. दयामरण फक्त असाध्य आजारी किंवा प्राणघातक जखमी कुत्र्याला, तेही पशुवैद्यकांनी तपासून ठरवल्यावर. ही व्यवस्था मला योग्यच वाटते. पण तिचा भार कुणाच्या खांद्यावर येतो, हेही बघायला हवं.

डिस्टेंपर हा विषाणूजन्य आजार झालेलं कुत्रं घ्या. आधी ताप, डोळ्यांत चिपडं, खोकला. त्यातून सावरतंय असं वाटतं, तोच विषाणू मज्जासंस्थेत पोचतो आणि एखादा पाय किंवा जबडा ठरावीक लयीत उडायला लागतो. झोपेतसुद्धा थांबत नाही. या विषाणूला थेट मारणारं औषध नाही. काही कुत्री जगतात, अनेक मरतात, आणि कोण जगेल हे पहिल्या आठवड्यात सांगता येत नाही. मग वाट बघायची. सलाईन लावायची, कूस बदलायची, भरवायचं, आणि ‘अजून थांबूया की आता सोडवूया’ हा प्रश्न रोज सकाळी नव्याने सोसायचा. निर्णय डॉक्टर घेतात. कूस बदलणारा माणूस दुसराच असतो, आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं.

अमेरिकेतल्या कर्मचाऱ्याला मारावं लागल्याचा घाव बसतो, तर आपल्याकडच्याला पुष्कळदा लांबत गेलेली वेदना बघत राहण्याचा. आणि त्याहून खोल घाव असतो तो बऱ्या झालेल्या कुत्र्याला परत रस्त्यावर सोडण्याचा. गाडीखाली येऊन पाय गमावलेलं कुत्रं दोन महिने सांभाळायचं, तीन पायांवर चालायला शिकवायचं आणि त्याच नाक्यावर नेऊन सोडायचं. तिथे त्याचा इलाका आहे, त्याला खाऊ घालणारे आहेत, हे सगळं कळतं. तरी व्हॅनचं दार लावताना काय वाटत असेल?

अँड्र्यू जेमटन या अभ्यासकाने १९८४ मध्ये परिचारिकांबद्दल लिहिताना या अवस्थेला नैतिक क्लेश म्हटलं होतं. काय करायला हवं ते कळतं, पण व्यवस्था, जागा, पैसा किंवा नियम ते करू देत नाहीत. हे दुःखापेक्षा वेगळं आहे. दुःख काळाबरोबर विरतं. नैतिक क्लेश मात्र प्रत्येक प्रसंगानंतर थोडा मागे उरतो आणि साचत जातो. माझ्या मते मुंबईतल्या शेल्टरमधल्या थकव्याची मुख्य नस हीच आहे.

जागेचंच बघा. महापालिकेच्या गणनांनुसार शहरातल्या भटक्या कुत्र्यांची संख्या २०१४ मध्ये सुमारे ९५ हजार होती आणि दहा वर्षांनी ती सुमारे ९० हजारांवर आली. मांजरं, घारी, कबुतरं, गायी यांत नाहीत. जमिनीला सोन्याचा भाव असलेल्या या शहरात शेल्टरचे पिंजरे मोजकेच. उन्हाळ्यात मांजरीची पिल्लं खोक्यात घालून फाटकाशी ठेवून जातात, डोळेही न उघडलेली. त्यांना दर दोन-तीन तासांनी दूध पाजावं लागतं, तेही रात्रभर. संक्रांतीला मांजाने पंख कापलेल्या घारी येतात. पार्व्हो झालेलं पिल्लू साध्या वॉर्डात घेतलं तर हा चिवट विषाणू बाकीच्या पिल्लांना लागतो, आणि वेगळी खोली भरलेली असते. एक पिंजरा आणि तीन जीव, ही निवड कुणीतरी हातात मोबाइल धरून, समोरच्याच्या शिव्या ऐकत करत असतं. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं अशा आवारांतली कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. त्याची चर्चा माणसांची सुरक्षितता आणि प्राण्यांचे हक्क या दोन बाजूंनीच झाली. ती कुत्री कायमची सांभाळायला लागणारे हात कुठून येणार आणि त्या हातांचं काय होणार, हा प्रश्न फारसा ऐकू आला नाही.

शरीराचा हिशेब वेगळाच. कुत्र्यांच्या वॉर्डात आवाज १०० डेसिबलच्याही वर जातो, असं मोजमापांत दिसलं आहे. आठ तासांच्या कामासाठी सुरक्षित मर्यादा ८५ मानली जाते. सततचा आवाज ताणाची संप्रेरकं चढती ठेवतो आणि त्यात झोप अपुरी. मेंदूशास्त्रज्ञ ब्रूस मॅकईवन यांनी दाखवून दिलं, की ताणाशी जुळवून घेण्याची किंमत शरीर साठवत जातं आणि ती पुढे रक्तदाब, स्मरणशक्ती, प्रतिकारशक्ती यांतून वसूल होते.

घरी गेल्यावर हे सांगायचं कुणाला? ‘कुत्रंच होतं ना’ म्हटलं की विषय संपतो. समाज ज्या शोकाला शोक मानत नाही, तो जास्त काळ टिकतो आणि एकट्याने सोसावा लागतो, हे केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये मांडलं. वॉर्ड धुणाऱ्या मावशी, कुत्री पकडणारे दादा, अँब्युलन्सचे चालक यांच्या वाट्याला हे अधिक येतं. डॉक्टरांकडे निदान या गोष्टींसाठी शब्द आहेत, परिषदा आहेत. अर्थात, शब्द असून भागतंच असंही नाही. अमेरिकेतल्या १९७९ ते २०१५ या काळातल्या नोंदी तपासल्यावर पशुवैद्यकांमध्ये आत्महत्येचं प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत पुरुषांत दुप्पट आणि स्त्रियांत साडेतीनपट आढळलं. या कामातल्या कुणाला जगणं नकोसं वाटत असेल, तर टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही बोलते.

उपायांबद्दल दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांच्या पुढच्या प्रयोगांतली. त्यांनी काही लोकांना आधी दुसऱ्याची वेदना आपलीशी करण्याचा सराव दिला, आणि त्यांचा त्रास वाढला. मग त्याच लोकांना करुणेचा, म्हणजे समोरच्याचं भलं व्हावं अशी ऊब मनात धरण्याचा सराव दिला. वेदनेची दृश्यं तशीच होती, पण आता मेंदूत वेगळं जाळं उजळलं. माया आणि समाधान यांच्याशी जोडलेलं. नकोसेपणा कमी झाला. म्हणजे थकवते ती करुणा नव्हे, वेदनेत बुडून जाणं थकवतं. हे प्रयोगशाळेतलं आहे आणि पार्व्होच्या वॉर्डात ते जसंच्या तसं उतरेल असं मी म्हणणार नाही. पण ‘जीव लावू नकोस, त्रास होईल’ हा जो सल्ला नव्या मुलांना सर्रास दिला जातो, तो चुकीचा असावा असं यावरून वाटतं.

दुसरी गोष्ट व्यवस्थापनाची, आणि तिचं वजन जास्त आहे. अमेरिकी शेल्टरच्या २००७ मधल्या एका अभ्यासात दिसलं, की जिथे दयामरणासाठी वेगळी खोली होती, तिथे इतर जिवंत प्राणी जवळ ठेवले जात नव्हते आणि एक मृतदेह हलवल्याशिवाय दुसरा प्राणी आत आणला जात नव्हता, तिथे नोकरी सोडून जाणारे कमी होते. ध्यानधारणा नाही, व्याख्यान नाही. एक खोली आणि एक शिस्त. मुंबईत याच धर्तीवर पुष्कळ करता येईल. डिस्टेंपरचा वॉर्ड एकाच माणसाच्या गळ्यात महिनोन् महिने नको, पाळी बदलावी. निर्णयाच्या वेळी कूस बदलणाऱ्यालाही विचारावं. ‘प्रोक्वॉल’ नावाची ३० प्रश्नांची मोफत चाचणी आहे. ती थकवा मोजते, आघात मोजते आणि या कामातून मिळणारं समाधानही मोजते. ती सोप्या मराठीत, वाचून दाखवून, दर सहा महिन्यांनी घ्यायला फारसा खर्च येणार नाही.

त्या समाधानाचा थेट संबंध आपल्याशीही येतो. वॉर्डातल्या माणसाला प्राणी दिसतो तो फक्त त्याच्या सर्वात वाईट दिवसांत. बरा होऊन नाक्यावर गेलेला प्राणी त्याला पुन्हा दिसत नाही, पण परत आलेला आणि मेलेला दिसतो. त्यामुळे त्याच्या डोक्यातला हिशेब कायम तोट्याचा राहतो. फोन करून व्हॅन बोलावणारा रहिवासी तो हिशेब दुरुस्त करू शकतो. व्हॅन येईपर्यंत त्याने प्राण्यापाशी थांबावं, म्हणजे चालकाला गल्लीबोळांत जखमी कुत्रं शोधत, सापडलं नाही तर रिकाम्या हाताने परतावं लागत नाही. आणि तेच कुत्रं दोन-तीन महिन्यांनी पानाच्या टपरीखाली आरामात पसरलेलं दिसलं, तर एक फोटो काढून शेल्टरच्या नंबरवर पाठवावा, केस नंबर लिहून, म्हणजे तो नेमका ज्याने ड्रेसिंग केलं त्याच्यापर्यंत पोचेल.