गर्भारपणातील स्ट्रेच मार्क्स व त्यांचा प्रतिबंध

गर्भारपणात पोट, स्तन, मांड्या आणि नितंबांवर उठणाऱ्या लांबट, किंचित खोलगट रेषा. बोलण्यात त्यांना ‘पोटावरचे व्रण’ असेही म्हणतात. निम्म्याहून अधिक गर्भवतींना ते येतात, बहुधा सहाव्या-सातव्या महिन्यापासून. सुरुवातीला लालसर किंवा जांभळट असलेले हे व्रण बाळंतपणानंतर हळूहळू फिकट, रुपेरी होतात. पुरते मात्र सहसा जात नाहीत. त्यांच्यापासून आईला वा बाळाला धोका नसतो.

त्वचेच्या आतल्या थरात कोलॅजेन आणि इलॅस्टिन या प्रथिनांचे तंतू असतात. पोट झपाट्याने वाढते तेव्हा त्यांच्यावर ताण येतो, शिवाय गर्भारपणातील संप्रेरकांमुळेही त्यांची घडण बदलते आणि ते तुटतात. आईला किंवा बहिणीला व्रण आले असतील, वय कमी असेल, आधीपासून वजन जास्त असेल किंवा बाळ वजनदार असेल, तर शक्यता वाढते. यांतले बरेचसे बाईच्या हातात नसते. त्यामुळे ‘तेल लावले नाहीस म्हणून व्रण आले’ हा घरातून ऐकावा लागणारा ठपका निराधार आहे.

बाजारात मिळणारी कोणतीही क्रीम व्रण हमखास टाळते असे सिद्ध झालेले नाही. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2012 च्या आढाव्यात 6 चाचण्यांमधील 800 स्त्रियांची माहिती तपासली गेली. लेपांच्या उपयोगाला भक्कम पुरावा मिळाला नाही. कोको बटर आणि ऑलिव्ह तेल चाचण्यांत फोल ठरले. तुर्कस्तानातील एका छोट्या अभ्यासात कडू बदामाच्या तेलाने मालिश केलेल्या स्त्रियांना व्रण कमी आले, पण तेवढ्यावरून ठाम काही म्हणता येत नाही. खोबरेल किंवा साध्या मॉइश्चरायझरने कोरडेपणा आणि खाज कमी होते. लावायचे ते एवढ्यासाठी. महागड्या बाटलीची गरज नाही.

आयुर्वेदातील चरकसंहितेच्या शारीरस्थान या भागात सातव्या महिन्यातील ‘किक्किस’ या विकाराचे वर्णन आहे. गर्भाचे केस उगवताना आईला जळजळ होते, असे बायका म्हणतात. ग्रंथातले आचार्य आत्रेय मात्र ते नाकारतात आणि वाढत्या गर्भाच्या दाबाकडे बोट दाखवतात. पोटाला आणि स्तनांना चंदन व कमळाच्या देठाचा लेप लावावा, त्वचा फाटून विद्रूप होऊ नये म्हणून खाजवू नये, असा सल्लाही तिथे आहे. बाळाच्या जावळामुळे खाज सुटते ही समजूत आजही कानांवर येते.

तळहात-तळपायांना पुरळ नसताना, विशेषतः रात्री, तीव्र खाज सुटली तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवावे. तो यकृताच्या विकाराचा इशारा असू शकतो आणि बाळासाठी धोक्याचा ठरू शकतो.

वजन बेताने वाढणे हा त्यातल्या त्यात अर्थपूर्ण उपाय. आपल्याकडे सर्वसाधारण बांध्याच्या स्त्रीला साधारण 10 ते 12 किलो वाढ सांगतात. ‘दोन जिवांची आहेस, दुप्पट खा’ हा आग्रह त्यासाठी टाळावा. पण व्रणांच्या भीतीने जेवण तोडणे त्याहून वाईट, कारण त्यात बाळाची वाढ खुंटते.

व्रणांवरील ट्रेटिनॉइन हे मलम गर्भारपणात वापरू नये. ते आणि लेसर हे बाळंतपणानंतरचे उपाय. स्तनपान सुरू असताना त्वचारोगतज्ज्ञांना विचारूनच करावेत. व्रण लालसर असतानाच त्यांचा गुण अधिक येतो.