क्रिमिनॉलॉजीचं एम.ए. करायचंय? अर्ज अडतो तो दाखल्यांवर

पोलिसांत, तुरुंग विभागात किंवा महिला-बालविकासमध्ये असलेली बरीच मुलं-मुली आता गुन्हेशास्त्र आणि न्यायव्यवस्था या विषयात पदव्युत्तर पदवी घ्यायला बघतात. मुंबईत देवनारला टिस म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे आणि दिल्लीत रोहिणीला राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचा परिसर. पात्रता सोपी आहे, बहुतेक ठिकाणी कोणत्याही शाखेची पदवी चालते. शेवटच्या वर्षाला असलात तरी परीक्षा देता येते. तरीही दरवर्षी चांगले गुण असलेली मुलं कागदपत्र तपासणीत बाद होतात, आणि ते बघवत नाही.

पहिली चूक तारखेची. टिसचा प्रवेश सीयूईटी-पीजी या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या देशपातळीवरच्या परीक्षेतून होतो. त्या परीक्षेचा फॉर्म भरला की संस्थेतही अर्ज झाला, असं समजून कितीतरी जण स्वस्थ बसतात. तसं नाही. परीक्षा एनटीए ही केंद्राची परीक्षा यंत्रणा घेते, प्रवेश संस्था देते. संस्थेच्या संकेतस्थळावर वेगळी नोंदणी करावीच लागते आणि तिची मुदतही वेगळी असते.

सगळ्यात जास्त घोळ जातीच्या दाखल्याचा. केंद्रीय परीक्षेला आणि प्रवेशाला केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला लागतो, राज्याचा नव्हे. गेल्या वर्षी एक शिपाई माझ्यासमोर राज्याचं नॉन-क्रिमिलेअर (म्हणजे ओबीसीतल्या सधन गटात मोडत नसल्याचा दाखला) धरून बसला होता. त्यावर वैधता तीन वर्षांची, गोल शिक्का ठसठशीत. तपासणीत तो कागद बाजूला सरकवला गेला. मागितला होता 1 एप्रिलनंतर काढलेला, केंद्राच्या नमुन्यातला. जानेवारीत फॉर्म भरताना काढलेला दाखला जूनपर्यंत जुना होतो, ही गोष्ट सेतूवर कुणी सांगत नाही. सांगायला काय हरकत आहे? एप्रिल उजाडला की लगेच प्रांत कार्यालयासाठी अर्ज टाका.

विजा-भज म्हणजे विमुक्त जाती-भटक्या जमातींच्या मुलांनी हे नीट वाचा: केंद्रात तुमचा वेगळा कोटा नाही. तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का, ते आधी बघा. मराठा समाजाचा राज्याचा एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) दाखला केंद्रीय संस्थेत चालत नाही. कुणबी नोंद असेल तर ओबीसीतून, नाहीतर निकषात बसत असाल तर केंद्राच्या नमुन्यातला ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) दाखला तहसीलमधून काढा.

इथे नोकरी करणाऱ्यांची हमखास गफलत होते. ओबीसीत क्रिमिलेअर ठरतं ते आई-वडिलांवरून, तुमचा स्वतःचा पगार त्यात धरत नाहीत. ईडब्ल्यूएसला मात्र तुमचा, जोडीदाराचा, आई-वडिलांचा आणि शेतीचासुद्धा पैसा मोजून 8 लाखांच्या आत बसावं लागतं. पाच एकर किंवा त्याहून जास्त शेती कुटुंबाकडे असेल तर उत्पन्न कितीही कमी असो, दाखला मिळत नाही.

आता नोकरीत असलेल्यांना खात्याकडून लागणारं ना-हरकत प्रमाणपत्र. अर्ज ठाण्यातून घटक प्रमुखांकडे जातो आणि आस्थापनेच्या टेबलावर पडून राहतो. म्हणून निकालाची वाट बघू नका, परीक्षेचा फॉर्म भरला त्याच आठवड्यात अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या. तो नसेल तर "अर्ज मिळालाच नाही" हे उत्तर ऐकायची तयारी ठेवा.

पूर्णवेळ अभ्यासक्रमाला नुसतं ना-हरकत पुरत नाही, रजाही लागते. अध्ययन रजेसाठी साधारण पाच वर्षांची सेवा हवी, बंधपत्र लिहून द्यावं लागतं, आणि मंजुरी वरून येते. सेवा कमी असेल तर इग्नूचा क्रिमिनल जस्टिसमधला पदव्युत्तर डिप्लोमा नोकरी सांभाळून होतो. ती पदवी नव्हे, हे लक्षात ठेवूनच घ्या. त्यालाही डीईबी आयडी (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा नोंदणी क्रमांक) लागतो आणि तो एबीसी आयडीशिवाय, म्हणजे शैक्षणिक श्रेयांकांच्या ऑनलाइन खात्याच्या क्रमांकाशिवाय, निघत नाही. आधारवरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव जुळत नसेल, तर आधी ते दुरुस्त करायला टाका. लग्नानंतर नाव बदललेल्या बहिणी इथेच अडकतात. राजपत्राची प्रत आणि विवाह नोंदणीचा दाखला दोन्ही सोबत ठेवा.