फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवा

हे पत्रक आम्ही भाड्यानं देतो त्या प्रत्येक फ्लॅश किटच्या पिशवीत ठेवतो. बऱ्याचदा ते घडीसुद्धा न मोडता परत येतं, आणि मधल्या काळात फोन आलेला असतो: "फ्लॅश उडतच नाही." म्हणून आधी त्याचंच सांगतो. कॅमेऱ्यात सायलेंट मोड चालू नाही ना, ते बघा. इलेक्ट्रॉनिक शटरवर बहुतेक कॅमेरे फ्लॅशला इशाराच देत नाहीत. ट्रिगर (कॅमेऱ्यावरून इशारा पाठवणारा) आणि रिसीव्हर (फ्लॅशकडे तो इशारा घेणारा) यांचं चॅनल एकच हवं. ट्रिगर हॉट शूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत, शेवटपर्यंत सरकवून घट्ट केलेला हवा. अर्धवट बसला तर दिवा लागतो, पण फ्लॅश उडत नाही. आणि मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये सगळं काळंकुट्ट दिसत असेल तर तो बिघडलेला नाही. एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) जसं येणार तसं तो दाखवतोय, आणि फ्लॅश उडणार आहे हे त्याला ठाऊक नाही. मेनूमधला तो प्रीव्ह्यू बंद करा.

आता मुद्द्याचं. कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश लेन्स बघते त्याच दिशेनं प्रकाश टाकतो. त्यामुळे पडलेली सावली वस्तूच्या पाठीमागेच लपते. सावली दिसली नाही की गोलाई दिसत नाही, आणि नाक, गाल, हनुवटी सगळं एका पातळीवर येतं. फ्लॅश हातभर बाजूला नेला तरी चेहऱ्याला चढउतार येतात. तेव्हा फ्लॅश कुठे ठेवू, असं आम्हाला विचारण्याआधी सावली कुठे हवी आहे ते ठरवा. जागा त्यातूनच निघते.

आणि एक विनंती, जी धंद्याच्या दृष्टीनं शहाणपणाची नाही: पहिल्या खेपेला दुसरा फ्लॅश मागू नका. एका फ्लॅशची सावली ओळखीची व्हायच्या आत दुसरा लावला की दोन सावल्या होतात आणि चूक नेमकी कुणाची, ते कळत नाही. एक फ्लॅश, एक पांढरा थर्माकोल आणि एक काळा कार्डशीट एवढ्यावर खूप दिवस निघतात.

फ्लॅश मॅन्युअलवर ठेवा, ताकद स्वतः ठरवा. टीटीएल, म्हणजे कॅमेऱ्यानं लेन्समधून प्रकाश मोजून फ्लॅशची ताकद आपोआप ठरवणं, वाईट नाही, धावत्या कार्यक्रमात तेच बरं. पण माणसानं काळा सदरा घातला की टीटीएलला वाटतं प्रकाश कमी पडला, आणि चेहरा पांढराफटक होतो. शिवाय प्रत्येक फोटोत त्याचा हिशेब बदलतो, मग तुम्ही नेमकं काय बदललं म्हणून काय झालं, हे शिकायचं कसं?

मॅन्युअलमध्ये एकच गोष्ट डोक्यात बसवा. एका फोटोत दोन प्रकाश असतात, खोलीतला आणि फ्लॅशचा. फ्लॅश सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात उडून मोकळा होतो, त्यामुळे शटर त्यानंतर किती वेळ उघडं राहिलं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. म्हणजे शटर स्पीड फक्त खोलीतला प्रकाश कमीजास्त करतो, तर अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं भोक) आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) दोन्ही प्रकाशांवर चालतात. शटर फार वेगवान मात्र करू नका. बऱ्याच कॅमेऱ्यांची सिंक मर्यादा, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा सगळ्यात वेगवान शटर, १/२०० किंवा १/२५० सेकंद असते, त्यापुढे गेलात की फोटोत एका कडेला काळा पट्टा येतो. हाय स्पीड सिंक चालू केलं तर पट्टा जातो, पण फ्लॅशची ताकदही बरीच जाते.

सुरुवात अशी करून बघा. आयएसओ १००, एफ/५.६, १/२००. घरात दिवसा या आकड्यांवर फ्लॅशशिवाय फोटो जवळजवळ काळा यायला हवा. आला? म्हणजे आता पाटी कोरी आहे, पुढे फोटोत जे दिसेल ते फ्लॅशचंच. पांढरी छत्री लावून फ्लॅश माणसापासून एक मीटरवर ठेवा आणि ताकद १/८, म्हणजे पूर्ण ताकदीच्या आठव्या हिश्शावर, करा. फोटो भडक आला तर १/१६, अंधारा आला तर १/४. प्रत्येक पायरी म्हणजे एक स्टॉप, प्रकाश दुप्पट किंवा निम्मा.

स्टँड माणसाच्या समोरून साधारण ४५ अंश बाजूला आणि डोळ्यांच्या वर घ्या. मग नाकाच्या सावलीकडे बघत स्टँड अगदी थोडा थोडा सरकवा. एका क्षणी नाकाची सावली पलीकडच्या गालाच्या सावलीला जाऊन मिळते आणि त्या डोळ्याखाली प्रकाशाचा छोटा त्रिकोण उरतो. यालाच, डच चित्रकार रेम्ब्रांच्या नावावरून, रेम्ब्रां लायटिंग म्हणतात. पलीकडच्या डोळ्यात चमकता ठिपका दिसत नसेल तर फ्लॅश फार उंच गेलाय, वीतभर खाली घ्या. ठिपक्याशिवाय डोळा निर्जीव दिसतो. चष्म्यावर चमक येत असेल तर फ्लॅश वर घ्या, किंवा चष्म्याच्या काड्या कानांवरून अगदी किंचित उचलायला सांगा. काचा खाली झुकतात, चमक निघून जाते आणि फोटोत कुणाला कळतही नाही.

सावली फार गडद वाटली तर अंधाऱ्या बाजूला थर्माकोल धरा. पण आमचं मत विचाराल तर आधी उलटं करून बघा, तिथे काळा कार्डशीट धरा. पांढऱ्या भिंतींच्या लहान खोलीत प्रकाश चहूकडून उसळून येतो आणि सावली फिकी करतो. काळा कागद तो उसळलेला प्रकाश गिळतो. सुरकुतलेल्या, अनुभवी चेहऱ्याला ते फार शोभतं.

छत्री जवळ घ्या म्हटलं की लोक बिचकतात, प्रकाश भगभगीत होईल म्हणतात. होतं उलटच. प्रकाशाचा उगम माणसाच्या मानानं जेवढा मोठा दिसतो तेवढी सावलीची कड मऊ होते. सूर्य केवढा अवाढव्य, पण इतका लांब की दुपारची सावली सुरीनं कापल्यासारखी पडते. म्हणून छत्री फ्रेममध्ये येणार नाही इतपत जवळ आणा आणि ताकद कमी करा.

जवळ आणण्याचा दुसरा फायदा भिंतीवर दिसतो, आणि ही या पत्रकातली आमची सगळ्यात आवडती गंमत आहे. अंतर दुप्पट झालं की प्रकाश निम्मा होत नाही, चौथाई होतो. समजा माणूस भिंतीपासून २ मीटर पुढे बसलाय. फ्लॅश त्याच्यापासून १ मीटरवर असेल तर भिंतीपर्यंतचं अंतर ३ मीटर, म्हणजे भिंतीवर चेहऱ्याच्या नवव्या हिश्शाइतका प्रकाश. तीन स्टॉपहून थोडी जास्तच अंधारी, पांढरी भिंत गडद राखाडी दिसते. आता फ्लॅश माणसापासून ३ मीटरवर मागे न्या आणि ताकद वाढवून चेहरा पूर्वीइतकाच उजळ करा. भिंत ५ मीटरवर गेली, फरक जेमतेम दीड स्टॉपचा राहिला, आणि तीच भिंत फिकी राखाडी झाली. रंगाचा डबा न उघडता, नुसता स्टँड सरकवून.

पाकिटात रंगीत जेल (फ्लॅशवर लावायचे पारदर्शक रंगीत तुकडे) आहेत. लाल-निळ्याकडे हात जाण्याआधी ती नारिंगी, सीटीओ नावाची जेल काढा. पूर्ण सीटीओ फ्लॅशचा साधारण ५५०० केल्विनचा प्रकाश ३२०० केल्विनच्या आसपास, म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळसर, आणते. ती फ्लॅशवर लावा, कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (कुठला प्रकाश पांढरा मानायचा ती सेटिंग) टंगस्टनवर, म्हणजे पिवळ्या बल्बवर, ठेवा आणि खिडकीबाहेरचा संधिप्रकाश दिसेल इतका शटर हळू करा. चेहरा नेहमीच्या रंगाचा राहतो आणि मागची सगळी दुनिया निळीगर्द होते.

स्टिल लाइफला, म्हणजे निर्जीव वस्तूंना, माणसासारखा कंटाळा येत नाही, म्हणून शिकायला तेच उत्तम. एक कापडी बांधणीचं जुनं पुस्तक घ्या. छत्री काढून उघडा फ्लॅश टेबलाच्या पातळीवर आणा, इतका आडवा की प्रकाश मुखपृष्ठाला घासून जाईल. कापडाचा धागा न् धागा उभा राहतो, आणि धूळही. ब्रश जवळ ठेवा.

काचेची बाटली मात्र नव्या माणसाला रडवते. काचेवर प्रकाश टाकायचाच नसतो. काच स्वतः दिसत नाही, तिच्यात आजूबाजूचं जे उमटतं ते दिसतं. बाटलीच्या मागे थर्माकोल उभा करा, फ्लॅशचा प्रकाश फक्त त्यावर पाडा आणि फ्रेमबाहेरचा भाग काळ्या कार्डशीटनं झाका. पांढऱ्या पार्श्वभूमीवर बाटलीच्या कडा काळ्या, पेन्सिलनं आखल्यासारख्या येतात. याच्या उलट हवं असेल तर बाटलीमागे सॉफ्टबॉक्स (पुढे पांढरं कापड असलेली प्रकाशाची पेटी) ठेवा आणि त्याच्या मधोमध, फ्रेम जेमतेम भरेल एवढाच, काळा कागद लावा. आता पार्श्वभूमी काळी आणि कडा उजळ. बाटलीला बोट न लावता दोन वेगळे फोटो. चकचकीत धातूचंही तसंच: वस्तू आणि फ्लॅशच्या मध्ये ट्रेसिंग पेपरचा मोठा ताव ताणा, वस्तूत दिसेल तो तावच.

एकाच फ्लॅशचे चार करायचे असतील तर कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवा, खोलीत पूर्ण अंधार करा आणि शटर २० सेकंद उघडं ठेवा. मग फ्लॅश हातात घेऊन टेस्टचं बटण दाबत फिरा, एकदा डावीकडून, एकदा मागून, एकदा वरून. अंगात काळे कपडे हवेत, नाहीतर फोटोत तुमची कोपरं येतात. आमची आली आहेत.

पाण्याचे शिंतोडे गोठवायचे तर ताकद वाढवू नका, कमी करा. या किटमधल्या लहान फ्लॅशमध्ये ताकद उतरवली की लखलखाट तेवढ्या कमी वेळाचा होतो. पूर्ण ताकदीला तो सेकंदाच्या काहीशेव्या भागाएवढा असतो, १/६४ ला काही हजाराव्या भागाच्याही खाली जातो. अमेरिकेतल्या एमआयटीतल्या हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९५७ साली दुधाच्या थेंबाचा मुकुट टिपला तो अशाच अतिअल्प लखलखाटाच्या जोरावर. तुम्ही मात्र फ्लॅशला आधी प्लॅस्टिकची पिशवी घाला.

सांभाळायचं थोडंच आहे. छत्री उघडी असताना स्टँडच्या पायावर वजन ठेवा. आमचा एक फ्लॅश पंख्याच्या वाऱ्यानं आडवा झाला आणि त्याचा खाचेत बसणारा पाय मुळापासून तुटला. पूर्ण ताकदीवर एकामागून एक फोटो उडवू नका, जेल वितळून काचेला चिकटते. घरात पडलेला जुना फ्लॅश कॅमेऱ्यावर चढवण्याआधी आम्हाला दाखवा. काही जुन्या फ्लॅशच्या पायावर दोनशेहून जास्त व्होल्ट असतात आणि त्यात कॅमेरा जाऊ शकतो. किट परत करताना सेल बाहेर काढून डबीत ठेवा. आणि छत्री ओली झाली असेल तर तसं सांगा, रागावणार नाही, उघडून वाळत घालू.