मस्तकाघात : मेंदूच्या इजांचे प्रकार

मस्तकाघात म्हणजे डोक्याला बाहेरून बसलेल्या माराने मेंदूच्या रचनेत किंवा कार्यात होणारा बिघाड. कातडीला पडलेली खोक आणि कवटीचा अस्थिभंग यांचाही समावेश या संज्ञेत होतो. परंतु रोग्याचे भवितव्य ठरते ते आत मेंदूला काय झाले यावरून. बाहेरची जखम आणि आतली इजा यांचे प्रमाण जुळतेच असे नाही. टाळूच्या कातडीला रक्तपुरवठा भरपूर असल्याने बोटभर खोकेनेही सदरा भिजतो. उलट मुक्या मारात वर फक्त टेंगूळ दिसते आणि आत रक्त साकळत राहते. ‘रक्त बाहेर गेले ते बरे झाले’ असा दिलासा खेड्यापाड्यांत सर्रास दिला जातो. तो धोकादायक आहे. वाहणारे रक्त कातडीचे असते. त्यावरून कवटीच्या आतले काहीच कळत नाही.

प्राचीन उल्लेख : एडविन स्मिथ पपायरस या ईजिप्शियन हस्तलिखितात ४८ रुग्णवृत्ते असून त्यांतील २७ डोक्याच्या जखमांची आहेत. हस्तलिखित इ. स. पू. सतराव्या-सोळाव्या शतकाच्या आसपासचे मानतात. मूळ संहिता त्याहून बरीच जुनी असावी, असे भाषेवरून बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. तिचे कर्तृत्व इम्होतेप या प्राचीन ईजिप्शियन पंडिताकडे देण्यास मात्र पुरेसा आधार नाही. सुश्रुतसंहितेचा काळही वादग्रस्त आहे. इ. स. पू. सहाव्या शतकापासून इसवी सनाच्या चौथ्या शतकापर्यंत वेगवेगळे अंदाज मांडले गेले. ती एका काळात रचली गेली नसून तिच्यावर थर चढत गेले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तिच्या शारीरस्थानात (शरीररचनेच्या भागात) १०७ मर्मे, म्हणजे शरीरातील नाजूक जागा, सांगितली असून कानशिलाजवळचे ‘शंख’ हे मर्म सद्यःप्राणहर, म्हणजे सात रात्रींच्या आत प्राण घेणारे, अशा गटात आहे. याच जागी कवटीचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतून मेंदूच्या आवरणाची मधली धमनी जाते, हे आज माहीत आहे. म्हणून सुश्रुताला ही धमनी ठाऊक होती असे म्हणणे घाईचे ठरेल. अनुभवाने जागा अचूक हेरली होती, एवढे निश्चित. कवटीच्या सांध्यांवरील ‘सीमंत’ मर्मांच्या आघाताने उन्माद, भय व चित्तनाश होतो, ही नोंद तर विशेष मोलाची आहे, कारण तिच्यात डोक्याचा मार आणि मनोव्यापारांतील बिघाड यांची सांगड घातलेली दिसते. उत्क्षेप आणि स्थपनी ही डोक्यावरील मर्मे ‘विशल्यघ्न’ म्हटली आहेत : तेथे रुतलेले शल्य उपसून काढले तर माणूस दगावतो. डोक्यात रुतलेली वस्तू जागेवर ओढून काढू नये, हा आजच्या प्रथमोपचाराचाही नियम आहे.

आघाताचे यांत्रिकी : मेंदूचे वजन सुमारे १·३ ते १·४ किग्रॅ. असून तो मस्तिष्कमेरू द्रवात (कवटीत मेंदूभोवती असणाऱ्या पातळ द्रवात) जवळजवळ तरंगत असतो. मार दोन मार्गांनी काम करतो. पहिला संपर्काचा : वस्तू जेथे लागते तेथे हाड वाकते, पिचते किंवा आत दबते. दुसरा जडत्वाचा : डोके एकाएकी वेग घेते, थांबते किंवा गरकन वळते आणि आतला मेंदू मागे राहतो. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात या दोहोंचा फरक स्पष्ट करता येतो. घोड्याची लाथ कपाळावर बसली, तर नालाएवढ्या जागेत हाड आत दबते आणि त्याखालचाच मेंदू खरचटतो. माणूस कित्येकदा शुद्धीवरही असतो. तोच माणूस धावत्या घोड्यावरून फेकला गेला, तर कवटी अखंड राहूनही तो खोल बेशुद्धीत जाऊ शकतो. ज्वारी-बाजरीच्या राखणीला वापरतात त्या गोफणीचा दगड पहिल्या प्रकारात मोडतो. मोटारसायकलचा अपघात बहुधा दुसऱ्या.

मार बसला त्याच्या विरुद्ध बाजूला मेंदू का खरचटतो, हा प्रश्न अठराव्या शतकापासून फ्रेंच शल्यविशारदांना पडलेला आहे. अशा इजेला प्रतिघाती इजा म्हणता येईल. खानदेशात आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरवाशिणी लिंबाच्या फांदीला झोके बांधतात. दोर तुटून कोणी पाठीवर पडली, की टेंगूळ डोक्याच्या मागे येते. स्कॅनमध्ये मात्र रक्ताचे ठिपके कपाळामागच्या आणि कानशिलाजवळच्या भागांत दिसतात. एका उपपत्तीनुसार आघाताच्या विरुद्ध बाजूस क्षणभर दाब शून्याच्याही खाली जातो व ऊतकात सूक्ष्म बुडबुडे होऊन ते फुटतात. तसे असते, तर पालथे पडून कपाळ आपटणाऱ्यांत मेंदूचा मागचा भाग तितकाच खरचटलेला दिसला असता. तो क्वचितच दिसतो. ऑक्सफर्डचे भौतिकीविद होलबर्न यांनी १९४३ मध्ये जिलेटिनच्या प्रतिकृती वापरून वेगळे स्पष्टीकरण दिले. मेंदू दाबला जाण्यास कठीण, पण आकार बदलण्यास अत्यंत सोपा आहे. म्हणून सरळ धक्क्यापेक्षा डोके गरकन फिरल्याने त्यात निर्माण होणारे कर्तन बल (थर एकमेकांवरून सरकवणारे बल) घातक असते, असे त्यांनी मांडले. त्याआधी १९४१ मध्ये डेनी-ब्राउन आणि रसेल यांना प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले होते, की डोके घट्ट धरून ठेवले तर बेशुद्धी आणण्यास कितीतरी जास्त जोराचा मार लागतो. पुडेन्झ आणि शेल्डन यांनी १९४६ मध्ये माकडाच्या कवटीचा वरचा भाग काढून पारदर्शक प्लॅस्टिक बसवले आणि आघाताच्या क्षणी मेंदू घसरताना चित्रित केला. २००४ च्या सुमारास आणखी एक मत पुढे आले : आघाताच्या दिशेने द्रव सरकतो आणि मेंदू उलट बाजूस ढकलला जातो. मात्र मेंदूची घनता द्रवापेक्षा किंचित जास्तच मोजली जात असल्याने हे गृहीतक डळमळीत वाटते. सर्व निरीक्षणांना एकच उपपत्ती पुरत नाही. तरीही परिवलन (डोक्याचे गरकन फिरणे), आणि कवटीच्या तळाचा पुढचा खडबडीत भाग (मागचा भाग त्या मानाने गुळगुळीत असतो), या दोन गोष्टींनी बराच उलगडा होतो. स्थिर डोक्यावर काठी बसली तर इजा बहुधा माराखालीच होते आणि चालते डोके स्थिर जमिनीवर आपटले तर विरुद्ध बाजूला, हा ढोबळ नियम न्यायवैद्यकातही उपयोगी पडतो.

प्रकार : *दृढतानिकेबाहेरील रक्तगाठ* कवटी आणि मेंदूचे चिवट बाह्य आवरण यांच्यामध्ये होते, कारण बहुधा कानशिलाचे हाड पिचून धमनी फाटणे. बांधावरच्या भांडणात कानशिलावर काठी बसलेला माणूस थोडा वेळ बेशुद्ध होतो, उठतो, चहा घेतो, पोलीस ठाण्यात जाऊन जबाबही देतो. काही तासांनी डोके ठणकू लागते, उलट्या होतात, तो पेंगतो आणि एका डोळ्याची बाहुली मोठी होते. मधला हा शुद्धीचा काळ सर्वच रोग्यांत आढळत नाही, पण आढळतो तेव्हा त्यानेच घात होतो. वेळेत कवटी उघडून गाठ काढली तर असा रोगी पूर्ण बरा होऊ शकतो. म्हणून ‘झोपला आहे, झोपू द्या’ असे म्हणून त्याला रात्रभर एकटे सोडू नये.

*दृढतानिकेखालील रक्तगाठ* मेंदूच्या पृष्ठभागावरून आवरणाकडे जाणाऱ्या शिरा तुटल्याने होते. तीव्र प्रकारात खालचा मेंदूही खरचटलेला असतो आणि मृत्यूचे प्रमाण मोठे असते. चिरकारी (हळूहळू वाढणारा) प्रकार म्हाताऱ्या माणसांचा. वयाने मेंदू आकसतो, शिरा ताणल्या जातात. न्हाणीत पाय घसरणे किंवा दाराची चौकट लागणे एवढेही पुरते. दोन-तीन आठवड्यांनी आजोबा अडखळत चालतात, नावे विसरतात, अंथरुण ओले करतात आणि घरातले म्हणतात, आता वय झाले. कवटीला भोक पाडून साकळलेले रक्त काढले, की यांतले बरेच जण पुन्हा पूर्ववत होतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या वृद्धाबाबत तर ही शंका मनात ठेवायलाच हवी.

*विसरित अक्षतंतू-इजा*, म्हणजे मेंदूत ठिकठिकाणी विखुरलेली चेतातंतूंची इजा, परिवलनाने होते. मेंदूच्या करड्या व पांढऱ्या भागांची सीमा, दोन गोलार्धांना जोडणारा पट्टा आणि मस्तिष्कस्तंभ येथे चेतातंतू ताणले जातात. या ऱ्हासाचे वर्णन सबिना श्ट्रिख यांनी १९५६ मध्ये केले. तंतू आघाताच्या क्षणी तुटतात, असे पूर्वी मानत. आता बहुतेक तंतू पुढच्या काही तासांत आतून बिघडत जाऊन तुटतात, असे दिसते. सीटी स्कॅन जवळजवळ निर्दोष आणि रोगी मात्र खोल बेशुद्धीत, ही विसंगती नातेवाइकांना फार छळते.

*मस्तिष्कक्षोभ* (कन्कशन) हा सर्वांत सौम्य आणि सर्वांत जास्त आढळणारा प्रकार : डोळ्यांपुढे काजवे चमकतात, गोंधळ उडतो, घडलेला प्रसंग आठवत नाही. शुद्ध हरपलीच पाहिजे असे नाही.

*दुय्यम इजा* आघातानंतर सुरू होते : सूज, कवटीतील वाढता दाब, प्राणवायूची कमतरता, घसरलेला रक्तदाब. टाळता येण्याजोगी इजा हीच.

खानदेशातील कारणे : धुळ्यात मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे महामार्ग एकमेकांना छेदतात, आणि त्यांना मिळणाऱ्या गावरस्त्यांवरून दुचाकी व रात्री दिवा नसलेल्या ट्रॉल्या येतात. धाब्याच्या (सपाट छपराच्या) घरांवर उन्हाळ्यात झोपण्याची रीत आहे. कठडा नसलेल्या धाब्यावरून झोपेत पडणारे बहुधा मूल किंवा म्हातारे माणूस असते. सातपुड्यात शेळ्यांसाठी पाला तोडताना झाडावरून पडणे हे आणखी एक कारण. तेथल्याच अक्राणी तालुक्यातील पाड्यांवरून रोग्याला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते. झोळीत मान दुमडते, जीभ मागे पडते, आणि दुय्यम इजा तेथेच सुरू होते. फळीवर सरळ निजवून, मान न हलू देता, उलटी झाल्यास सबंध अंग एकदम कुशीवर वळवून नेणे याला पर्याय नाही.

निदान व उपचार : टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या ग्लासगो मापनश्रेणीत डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांना गुण देतात; आज वापरातील श्रेणी ३ ते १५ अशी आहे. १३ ते १५ सौम्य, ९ ते १२ मध्यम, ८ वा कमी तीव्र. सूज उतरावी म्हणून पूर्वी स्टेरॉइडे सर्रास दिली जात. दहा हजार रुग्णांवरील चाचणीत त्यांनी मृत्यू वाढतात असे २००४ मध्ये दिसले आणि ती पद्धत सोडावी लागली. धुळे, जळगाव व नंदुरबार येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत.

प्रतिबंध : ब्रिटिश शल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी १९४१ मध्ये मोटारसायकलस्वारांच्या शिरस्त्राणांचा पाठपुरावा केला. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ नुसार दुचाकीवर हेल्मेट सक्तीचे आहे आणि त्यासाठी आयएस ४१५१ हे मानक लागू आहे. हेल्मेटमुळे संपर्काची इजा आणि सरळ धक्का बराच कमी होतो, डोके गरकन फिरणे त्या मानाने कमी रोखले जाते. हनुवटीचा पट्टा न लावलेले हेल्मेट पहिल्याच धक्क्याला निसटते आणि जमिनीवर डोके उघडेच आपटते.